बंदुकीच्या गोळीची गतिज ऊर्जा
एक सोपे गणित आणि त्याचा व्यवहारातील उपयोग

विदर्भ आणि खानदेश या भागांचा दारूगोळा निर्मितीशी अनेक दशकांचा संबंध आहे. नागपूर शहराच्या पश्चिमेस अंबाझरी येथे १९६६ साली आयुध निर्माणी उभी राहिली. तेथे तोफगोळ्यांची धातूची कवचे व इतर धातुभाग तयार होऊ लागले. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील निर्माणीत स्फोटके व प्रक्षेपक दारू तयार होते, तर चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीजवळच्या निर्माणीत दारूगोळा भरण्याचे काम चालते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील निर्माणी रायफलींची काडतुसे बनविते. १ ऑक्टोबर २०२१ पासून या निर्माणी नव्याने स्थापन झालेल्या शासकीय कंपन्यांकडे सोपविण्यात आल्या असून, त्यांपैकी यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

या परिसरातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ ज्या वस्तूशी निगडित आहे, त्या वस्तूच्या अंगी असलेली शक्ती नेमकी किती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. 'गोळीसारखा सुटला' असे आपण सहज बोलून जातो. परंतु गोळी किती वेगाने सुटते आणि त्या वेगामुळे तिच्या ठायी किती ऊर्जा साठते, याचा हिशेब आपण कधी करीत नाही. वस्तुतः हा हिशेब इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल इतका सोपा आहे. त्यासाठी वस्तुमान आणि वेग या दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एकदा हे गणित समजले, की त्याचा उपयोग केवळ गोळीपुरता राहत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत केलेला गोळीबार गुन्हा का ठरतो, शिरस्त्राण का वापरावे आणि महामार्गावर वेगमर्यादा का पाळावी, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच एका सूत्रात सापडतात. म्हणूनच हा विषय शिक्षकांप्रमाणेच अधिकारीवर्गाच्या व पंचायत सदस्यांच्याही उपयोगाचा आहे.

गतिज ऊर्जा म्हणजे काय?

एखादी वस्तू गतिमान असल्यामुळे तिच्या अंगी कार्य करण्याची जी क्षमता येते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. स्थिर असलेली वस्तू गतिमान करण्यासाठी तिच्यावर बल लावावे लागते आणि ते बल काही अंतरापर्यंत टिकवावे लागते. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. हे कार्य वाया जात नाही. ते वस्तूच्या गतीत साठून राहते. वस्तू थांबविताना तेवढेच कार्य ती परत करते.

सूत्र कसे मिळते, ते पाहू. समजा, एका वस्तूवर सारखेच बल लावून तिचा वेग शून्यापासून विशिष्ट मूल्यापर्यंत वाढविला. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे अंतिम वेग भागिले लागलेला काळ. आता अंतराचा विचार करू. वस्तूचा वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला असल्यामुळे तिचा सरासरी वेग अंतिम वेगाच्या निम्मा असतो. म्हणून कापलेले अंतर म्हणजे निम्मा वेग गुणिले काळ. बल आणि अंतर यांचा गुणाकार केला असता काळ हा घटक अंश व छेद या दोहोंतून नाहीसा होतो आणि खालील सूत्र उरते :

गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेग × वेग

विद्यार्थी अनेकदा विचारतात, की सूत्रात हा 'अर्धा' कोठून आला? त्याचे उत्तर वरील विवेचनात आहे. तो सरासरी वेगातून आलेला आहे. वेग दोन वेळा येतो, कारण तो एकदा बलातून आणि एकदा अंतरातून येतो. सूत्र पाठ करून घेण्यापूर्वी एवढे समजावून दिले, तर विद्यार्थी ते सहसा विसरत नाहीत.

मातीच्या साक्षीने लागलेला शोध

ऊर्जा वेगाच्या प्रमाणात वाढते की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, हा वाद युरोपात अनेक वर्षे चालला होता. १७२० च्या दशकात हॉलंडमधील शास्त्रज्ञ ग्राव्हेसांद यांनी पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून त्यांचे खळगे मोजले. वेग दुप्पट झाला की खळगा दुप्पट न होता चौपट होतो, असे त्यांना आढळले. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले यांनी १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भौतिकशास्त्रावरील ग्रंथात या निष्कर्षाचे महत्त्व विशद केले. पुढे १८२९ मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने 'कार्य' ही संकल्पना निश्चित करून सूत्राला आजचे रूप दिले. सूत्राचा पाया मातीच्या अशा साध्या प्रयोगात आहे, ही गोष्ट आपल्या शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. असा प्रयोग कोणत्याही खेड्यात करता येतो. त्याची माहिती लेखाच्या अखेरीस दिली आहे.

'थ्री नॉट थ्री'चे गणित

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. ब्रिटिश अमदानीपासून अनेक दशके पोलीस दलाच्या हाती असलेली 'थ्री नॉट थ्री' रायफल सर्वांना नावाने परिचित आहे. हे नाव तिच्या नळीच्या आतील व्यासावरून पडले. हा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर असतो. या रायफलीच्या प्रचलित काडतुसातील गोळीचे वस्तुमान सुमारे ११.३ ग्रॅम असून, नळीच्या तोंडाशी तिचा वेग दर सेकंदास सुमारे ७४४ मीटर असतो.

येथे एक दक्षता घ्यावी लागते. सूत्रात वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंद या एककात घातला, तरच उत्तर ज्यूलमध्ये मिळते. परीक्षेत होणाऱ्या बहुतेक चुका येथेच होतात. ग्रॅमचे किलोग्रॅम करण्यासाठी एक हजाराने भागावे, आणि ताशी किलोमीटरचे सेकंदास मीटर करण्यासाठी ३.६ ने भागावे.

वस्तुमान : ११.३ ग्रॅम = ०.०११३ किलोग्रॅम
वेगाचा वर्ग : ७४४ × ७४४ = ५,५३,५३६
गतिज ऊर्जा : १/२ × ०.०११३ × ५,५३,५३६ = सुमारे ३,१२७ ज्यूल

हा आकडा मोठा की लहान? शंभर ग्रॅमचे एक संत्रे एक मीटर उंच उचलण्यास जवळजवळ एक ज्यूल कार्य करावे लागते. एक क्विंटलचे पोते एक मीटर उचलण्यास ९८० ज्यूल लागतात. म्हणजे या गोळीच्या ऊर्जेत एक क्विंटलचे पोते सुमारे ३.२ मीटर, म्हणजे एका मजल्याइतके वर उचलता येईल. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर हीच ऊर्जा अवघी पाऊण किलोकॅलरी भरते. चिमूटभर साखरेतून शरीराला मिळणारी ऊर्जाही याहून कमी नसते.

तर मग गोळीचे सामर्थ्य कशात आहे? ते ऊर्जा किती अल्प काळात आणि किती लहान जागेत प्रकट होते, यात आहे. नळीत गोळीचा प्रवास सुमारे ०.६ मीटर धरला आणि वेग एकसारखा वाढला असे मानले, तर या प्रवासास केवळ १.६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या काळात ३,१२७ ज्यूल ऊर्जा गोळीला मिळते; म्हणजे सरासरी शक्ती सुमारे १९ लाख वॉट होते. या प्रवासात गोळीवरील सरासरी बल सुमारे ५,२०० न्यूटन, म्हणजे पाच क्विंटलहून अधिक वजनाइतके असते. काडतुसातील दारू जळून निर्माण झालेली सर्व ऊर्जा मात्र गोळीला मिळत नाही. साधारणतः तिचा एक तृतीयांश भागच गोळीच्या वाट्यास येतो. उरलेली ऊर्जा तप्त वायू, नळीची उष्णता, घर्षण आणि आवाज यांत जाते.

काही गोळ्यांची तुलना

निरनिराळ्या गोळ्यांची ऊर्जा याच सूत्राने काढता येते. पुढील आकडे स्थूलमानाचे आहेत. काडतुसाच्या प्रकारानुसार त्यांत थोडा फरक पडतो.

हवेच्या रायफलीची गोळी : ०.५ ग्रॅम, १७० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे ७ ज्यूल.
पॉइंट टू-टू रायफलीची गोळी : २.६ ग्रॅम, ३३० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे १४२ ज्यूल.
नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी : ८ ग्रॅम, ३६० मीटर प्रति सेकंद, ऊर्जा सुमारे ५१८ ज्यूल.
इन्सास रायफलीची गोळी : ४ ग्रॅम, ९०० मीटर प्रति सेकंद; ऊर्जा सुमारे १,६२० ज्यूल.
थ्री नॉट थ्री रायफलीची गोळी : ११.३ ग्रॅम, ७४४ मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे ३,१२७ ज्यूल.

या यादीतील पिस्तुलाची व इन्सासची गोळी शेजारी ठेवून पाहावी. इन्सासच्या गोळीचे वस्तुमान पिस्तुलाच्या गोळीच्या निम्मे आहे. तरीही तिची ऊर्जा तिपटीहून अधिक आहे. कारण तिचा वेग अडीचपट आहे आणि अडीचचा वर्ग सहा पूर्णांक एक चतुर्थांश होतो. वस्तुमान निम्मे झाल्याने ऊर्जा निम्मी होते, परंतु वेगामुळे ती सव्वासहापट होते. वेगाचे हे वर्चस्व विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

यादीतील पॉइंट टू-टू गोळीशी महाराष्ट्राचा एक अभिमानाचा प्रसंग जोडलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत हीच गोळी वापरली जाते.

गोळीचा वेग मोजतात कसा?

सूत्रात वेग घालावयाचा तर तो आधी मोजावा लागेल. आज यासाठी इलेक्ट्रॉनिक साधन वापरतात. एक मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन प्रकाशकिरणांमधून गोळी जाते आणि मधला काळ यंत्र नोंदविते. पॉइंट टू-टू गोळीला एक मीटर जाण्यास सुमारे तीन मिलिसेकंद लागतात.

ही साधने नव्हती, तेव्हा इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. दोरीने टांगलेल्या लाकडाच्या जड ठोकळ्यावर गोळी झाडावयाची आणि गोळी आत रुतल्यावर ठोकळा किती मागे झुलतो, ते मोजावयाचे. समजा, ३ किलोग्रॅमचा ठोकळा एक मीटर लांबीच्या दोरीने टांगला आहे. पॉइंट टू-टू गोळीचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ०.००२६ × ३३० = ०.८५८ इतका आहे. संवेग कायम राहत असल्यामुळे, गोळी रुतलेल्या ठोकळ्याचा वेग ०.८५८ भागिले ३.००२६ म्हणजे ०.२८६ मीटर प्रति सेकंद होईल. या वेगाने ठोकळा सुमारे ४ मिलिमीटर वर चढेल आणि आडव्या दिशेने सुमारे ९ सेंटिमीटर सरकेल. नऊ सेंटिमीटर पट्टीने सहज मोजता येतात. त्यावरून उलट हिशेब करून गोळीचा वेग काढता येतो.

या प्रयोगात शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य निदर्शनास आणावी. ठोकळ्याची गतिज ऊर्जा अवघी ०.१२ ज्यूल भरते, तर गोळीची १४२ ज्यूल होती. हजारातील एक भागही शिल्लक राहिला नाही! बाकीची ऊर्जा लाकूड फाटणे, गोळी चेपणे आणि उष्णता यांत गेली. टकरीत संवेग कायम राहतो; गतिज ऊर्जा मात्र कायम राहतेच असे नाही. ती ज्या ठिकाणी 'नाहीशी' होते, तेथेच नासधूस झालेली असते. अपघाताचे संपूर्ण शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

झाडणारा बचावतो, लागणारा का नाही?

गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे सरकते. दोघांचे संवेग सारखे असतात. मग नेम धरणाऱ्याच्या खांद्याला इजा का होत नाही? थ्री नॉट थ्री गोळीचा संवेग ०.०११३ × ७४४ = ८.४ आहे. रायफल सुमारे ४ किलोग्रॅमची असल्यास ती २.१ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येईल. तिची ऊर्जा १/२ × ४ × २.१ × २.१ = सुमारे ९ ज्यूल होते. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे ती प्रत्यक्षात याहून काहीशी अधिक असते. तरीही गोळीच्या ३,१२७ ज्यूलपुढे ती अत्यल्पच होय. शिवाय दस्ता रुंद असल्यामुळे हा धक्का खांद्याच्या मोठ्या भागावर विभागला जातो. गोळीचा आडवा छेद मात्र अर्धा चौरस सेंटिमीटरही नसतो. तिची सर्व ऊर्जा तेवढ्याशा जागी एकवटते. गोळीरोधक जाकीट नेमके याच्या उलट कार्य करते. ते ऊर्जा नष्ट करीत नाही, तर ती विस्तृत क्षेत्रावर आणि थोड्या अधिक काळात पसरविते.

हवेत झाडलेली गोळी कोठे जाते?

लग्नाची वरात, मिरवणूक किंवा निवडणुकीतील विजय साजरा करताना हवेत गोळ्या झाडण्याचे प्रकार देशाच्या काही भागांत घडतात. 'वर आकाशात तर झाडली' असे समर्थनही केले जाते. गणित काय सांगते, ते पाहावे. हवेचा अडथळा नसता, तर ७४४ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर झाडलेली गोळी सुमारे २८ किलोमीटर उंच जाऊन तितक्याच वेगाने परत आली असती. हवेच्या विरोधामुळे ती प्रत्यक्षात तीन किलोमीटरांच्या आसपासच पोहोचते आणि परतताना तिचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. अमेरिकेत १९२० च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत रायफलीच्या परत पडणाऱ्या गोळीचा वेग सुमारे ९० मीटर प्रति सेकंद आढळला.

या वेगाने पडणाऱ्या ११.३ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा १/२ × ०.०११३ × ८,१०० = सुमारे ४६ ज्यूल होते. मूळ ऊर्जेचा हा जेमतेम दीड टक्का. तरीही जवळून झाडलेल्या हवेच्या रायफलीच्या गोळीच्या सहापट. ती डोक्यावर पडल्यास प्राणघातक ठरू शकते आणि अशा घटना जगात अनेक ठिकाणी घडलेल्या आहेत. हा सर्वांत सौम्य प्रकार झाला. उत्साहाच्या भरात हात क्वचितच सरळ वर असतो. तिरकी झाडलेली गोळी दोन-तीन किलोमीटरवरील वस्तीत, शेतात अथवा शाळेच्या अंगणात जाऊन पडू शकते. ती कोणी झाडली, हे तेथे कोणास कळतही नाही.

याच कारणासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ यात २०१९ मध्ये सुधारणा करण्यात आली. निष्काळजीपणे अथवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचे जीवित धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शस्त्र परवानाधारकाचे असले, तरी या तरतुदीतून सुटका नाही. गावातील समारंभांपूर्वी ग्रामपंचायतीने ही तरतूद ग्रामसभेत समजावून सांगितली, तर पुढील अनर्थ टळू शकेल.

रस्त्यावरची गोळी

आता हेच सूत्र आपल्या दैनंदिन जीवनास लावू. एक मोटारसायकल आणि तिच्यावरील स्वार यांचे मिळून वस्तुमान १९० किलोग्रॅम धरावे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे १६.७ मीटर प्रति सेकंद या वेगास त्यांची गतिज ऊर्जा सुमारे २६,४०० ज्यूल होते. हे मूल्य थ्री नॉट थ्रीच्या आठ गोळ्यांहून अधिक आहे. बंदूक पाहून आपण दचकतो. परंतु आठ गोळ्यांची ऊर्जा घेऊन गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्या तरुणाकडे आपण लक्षही देत नाही.

नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. या मार्गावर सपाट भागात मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा ठेवण्यात आली. एक हजार किलोग्रॅमच्या मोटारीची या वेगास ऊर्जा सुमारे ५ लाख ५६ हजार ज्यूल, म्हणजे सुमारे १७८ गोळ्यांइतकी असते. ताशी ६० किलोमीटर वेगास तीच ऊर्जा १ लाख ३९ हजार ज्यूल असते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट.

थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली मोटार ताशी ६० किलोमीटर वेगास ब्रेक लागल्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. १२० ला त्यासाठी सुमारे ८० मीटर लागतात. चालकाने ब्रेकवर पाय ठेवण्यात एक सेकंद घालविला, तर एकूण अंतर अनुक्रमे सुमारे ३७ व ११३ मीटर होते. ऊर्जेची कल्पना उंचीच्या भाषेत अधिक स्पष्ट होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ५७ मीटर उंचीवरून, म्हणजे अठरा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटरला ही उंची १४ मीटर होते. मोटारीत बसलेल्या ७० किलोग्रॅमच्या प्रवाशाच्या स्वतःच्या अंगीच १२० च्या वेगास सुमारे ३८,९०० ज्यूल ऊर्जा असते. मोटार थांबली तरी ही ऊर्जा थांबत नाही. तिला पट्ट्याने थांबवावे लागते, अन्यथा समोरची काच थांबविते.

१ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला याच महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ अपघात झाला आणि पेटलेल्या बसमध्ये २५ प्रवाशांना प्राण गमवावे लागले. तेथे आगीने घात केला, हे खरे. परंतु जड वाहन अडथळ्यावर आदळले असता किती ऊर्जा मोकळी होते, याची जाणीव प्रत्येक प्रवाशास असली पाहिजे. पंधरा हजार किलोग्रॅमच्या बसची ताशी ८० किलोमीटर वेगास ऊर्जा ३७ लाख ज्यूल भरते. पत्रा चेपणे, टाकी फुटणे, ठिणग्या उडणे ही सर्व या ऊर्जेचीच कार्ये होत.

शिरस्त्राणाचे महत्त्वही याच हिशेबाने पटते. डोक्याचे वस्तुमान ५ किलोग्रॅम आणि आपटण्याचा वेग १० मीटर प्रति सेकंद धरला, तर ऊर्जा २५० ज्यूल होते. डोके ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावरील सरासरी बल ५०,००० न्यूटन होईल. शिरस्त्राणातील थर दबून तेच थांबणे २५ मिलिमीटरमध्ये झाले, तर बल १०,००० न्यूटनवर येते. ऊर्जा तीच, पण अंतर पाचपट आणि बल पाचव्या हिश्शावर. या वीस मिलिमीटरच्या फरकात कित्येकांचे प्राण आहेत.

शाळेत करावयाचे दोन प्रयोग

पहिल्या प्रयोगासाठी कुंभाराकडील मळलेली मऊ माती, जुन्या बेअरिंगमधील लोखंडी छर्रा आणि मीटरपट्टी एवढे साहित्य पुरे. माती पसरट भांड्यात समपातळीत दाबून बसवावी. छर्रा प्रथम २५ सेंटिमीटर आणि नंतर १०० सेंटिमीटर उंचीवरून सोडावा. पहिल्या वेळी त्याचा आपटण्याचा वेग २.२ मीटर प्रति सेकंद, तर दुसऱ्या वेळी ४.४ मीटर प्रति सेकंद असतो. दोन्ही खळगे मोजून, वेग दुप्पट झाला असता खळग्याचे आकारमान किती वाढले, ते विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा प्रयोग करून सरासरी घ्यावी.

दुसऱ्या प्रयोगासाठी मैदानावर २० मीटर अंतर आखून घ्यावे. विद्यार्थ्याने सायकलवरून ते पार करावे आणि दुसऱ्याने घड्याळावर वेळ मोजावी. सायकल व विद्यार्थी मिळून ६० किलोग्रॅम आणि वेळ ४ सेकंद असल्यास वेग ५ मीटर प्रति सेकंद आणि ऊर्जा ७५० ज्यूल येते. ही ऊर्जा पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्यांहून अधिक आहे, हे ऐकून वर्गात कुतूहल जागे झाल्याखेरीज राहणार नाही. बंदूक, छर्ऱ्याची पिस्तुले अथवा फटाक्यांची दारू यांचा वापर शाळेत कोणत्याही प्रयोगासाठी करू नये, हे सांगावयास नकोच. नागपूर परिसरातील शाळांना १९९२ पासून गांधीसागर तलावाजवळ सुरू असलेल्या रमण विज्ञान केंद्राला सहलीच्या निमित्ताने भेट देऊन गती व ऊर्जा या विषयांची गोडी विद्यार्थ्यांत वाढविता येईल.

समारोप

गोळी असो वा मोटार, निसर्गाचा नियम दोघांना सारखाच लागू आहे. वस्तुमान दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. वस्तुमान बदलणे बहुधा आपल्या हाती नसते. बसमधील प्रवासी किंवा ट्रकमधील माल आपण रस्त्यात कमी करू शकत नाही. वेग मात्र चालकाच्या पायाखाली असतो. ताशी ८० वरून ६० वर आलेल्या वाहनाने आपल्या ऊर्जेचा जवळजवळ ४४ टक्के भाग टाकून दिलेला असतो, आणि अपघात घडलाच तर तेवढी हानी टळलेली असते. शिक्षकांनी फळ्यावर, अधिकाऱ्यांनी रस्ता सुरक्षा सप्ताहात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे एक ओळीचे गणित करून दाखवावे. ज्या गावातील मुलांना हा हिशेब येतो, त्या गावच्या वरातीत बंदूक निघणार नाही आणि त्या गावचा तरुण शिरस्त्राण घरी खुंटीला टांगून रस्त्यावर येणार नाही, अशी अपेक्षा ठेवावयास हरकत नाही.